वाटेतली ट्रॉली आणि एक तमिळ शब्द

जुन्नरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, शिवनेरी चढलात का? खोडदच्या त्या मोठाल्या दुर्बिणी पाहिल्यात का? शिवनेरी मी एसटीच्या खिडकीतून पाहिला आणि दुर्बिणी राहूनच गेल्या. माझी सगळी सहल शेणखताच्या एका ट्रॉलीभोवती फिरली. तरी या प्रवासातून मी जे घेऊन आले ते गड चढून मिळालं नसतं, असं मला अजून वाटतं. म्हणून लिहिते आहे.

डिंगोरे

मंगल आणि मी तरुणपणी पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसायचो. कानाला हेडफोन लावून दिवसभर ट्रंक कॉल जोडायचे. पुढे लग्न होऊन मी वर्ध्याला गेले, ती डिंगोऱ्याला. तिचे यजमान वारले तेव्हा वाटलं, ही आता पुण्याला परत जाईल. पण ती गेली नाही. वाट्याला आलेल्या रानात तिनं शेडनेट उभारलं आणि रोपवाटिका सुरू केली. टोमॅटो, मिरची, शेवंती. आता आजूबाजूच्या गावांतले शेतकरी तिच्याकडून रोपं नेतात.

मी पोचले त्या संध्याकाळी तिनं मला आधी शेडमध्ये नेलं, मग घरात. हिरव्या जाळीखाली काळे ट्रे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येक खळग्यात बोटभर रोप. हवेत ओल्या मातीचा वास होता. आमच्याकडे वर्ध्याला मार्च संपता संपता सगळं रान तांबूस होऊन जातं. इथं ती हिरवी पोपटी नक्षी बघून डोळे निवले.

"दिसायला छान आहे," मंगल म्हणाली, "पण याला रोज दोनदा पाणी लागतं गं. आणि विहीर आमची सामाईक. चार दिवस माझी पाळी, चार दिवस अण्णांची. अण्णांच्या पाळीत मी हौदातलं पाणी पुरवून पुरवून वापरते. मागच्या उन्हाळ्यात हौद आटला आणि निम्मी मिरची माझ्यासमोर माना टाकून गेली."

अण्णा म्हणजे तिचे थोरले दीर. शेजारच्या रानात त्यांचं घर. मंगलनं स्वतःच्या रानात बोअर घ्यायचं ठरवलं होतं. पाणाड्यानं जागा दाखवली होती, विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

"अण्णांना सांगितलंस?" मी विचारलं.

"माझं रान, माझं बोअर. सांगायचं काय त्यात?"

सकाळी गाडी आली. एक नव्हे, दोन गाड्या. पुढची मशीनची आणि मागची लोखंडी पाइपांची. दोन्हींचे नंबर तमिळनाडूचे. आमच्याकडेही अशाच गाड्या येतात. महाराष्ट्रात जमिनीला भोक पाडायचं असलं की तिकडची माणसं इतक्या लांबून का येतात, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलंय. गाड्या डांबरी सोडून अण्णांच्या बांधावरच्या वाटेनं आत वळल्या आणि थांबल्या. मंगलच्या रानात जायला तीच एक वाट, आणि तिच्यात शेणखतानं भरलेली ट्रॉली आडवी उभी होती. तिचं एक चाक काढलेलं होतं आणि त्या जागी दगड रचलेले होते.

पहिल्या गाडीतून चाळिशीतला एक सावळा, धिप्पाड माणूस उतरला. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात पंचा. हा त्या गाडीचा मॅनेजर, सेल्वराज. बांधावर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे बघून तो मोठ्यानं म्हणाला, "अण्णा! ट्रॉली जरा हटवा ना, अण्णा!"

ते गृहस्थ चमकून उभे राहिले. आमच्याकडे वळून म्हणाले, "मंगल, माझं नाव याला तू सांगितलंस व्हय? अजून काय काय सांगितलं माझ्याबद्दल?"

मला हसू आवरेना. तमिळमध्ये थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात, आणि परक्या माणसालाही आदरानं तसंच हाक मारतात, हे मी पुढे होऊन सांगितलं. अण्णांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण आवाज जरा खाली आला.

"ट्रॉली हटवायला माझी ना न्हाई, पावणं," ते मला म्हणाले. मंगलकडे त्यांनी पाहिलंच नाही. "पण पंक्चर झालीया. चाक आळेफाट्याला गेलंय."

"ओतूर इथं उशाला असताना पंक्चर काढायला आळेफाट्याला?" मंगल म्हणाली.

"आमचा माणूस तिकडंच हाय."

"कधी येणार चाक?"

"ते आता दुकानवाल्याच्या हातात. लई गर्दी असती म्हनं त्याच्याकडं."

एवढं बोलून ते घराकडे निघून गेले. भांडण नाही, शिवी नाही, नकारसुद्धा नाही. मंगल त्या खताच्या ढिगाकडे बघत उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ट्रॉलीपाशी

सेल्वराजनं मालकाला फोन लावला. तमिळ मला येत नाही, पण मद्रासच्या ऑपरेटरांशी रोज बोलून बोलून त्या भाषेची लय ओळखीची झालेली. त्या धबधब्यात एक शब्द दोनतीनदा आला, मुट्टुक्कट्टै. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मुट्टुक्कट्टै पोडुराङ्ग," आणि त्यानं फोन ठेवला.

"हा शब्द काय आहे हो?" मी विचारलं. सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या बाईला असं विचारताना लाज वाटत नाही, हा वयाचा फायदा.

त्यानं आधी माझ्याकडे, मग ट्रॉलीकडे पाहिलं. "हे," तो म्हणाला. "हेच, ताई. कोणी पुढं जातो, दुसरा मुद्दाम आडवा येतो. काम होऊ देत नाय. त्याला बोलतात, मुट्टुक्कट्टै पोडतो. टाकतो."

तो गेली कित्येक वर्षं हंगामात या भागात येतो, त्यामुळे मराठी आणि हिंदी मिसळून त्याचं चांगलं चालतं. कट्टै म्हणजे लाकडाचा ठोकळा, हे त्यानं हातानं दाखवलं. मग म्हणाला, "आमच्याकडे देवाचा तेर असतो. तेर मालूम? रथ. घरापेक्षा उंच. हजार माणूस दोर ओढतो. त्याला ब्रेक नाय, स्टेअरिंग नाय. मग चाकाच्या खाली हा मोठा ठोकळा घालतात. थांबवायला घालतात, वळवायला पण घालतात. तो मुट्टुक्कट्टै."

"आणि नाही घातला तर?"

"तर रथ माणसांच्या अंगावर जाणार."

आपल्याकडे याला खोडा घालणं म्हणतात, असं मी त्याला सांगितलं. खोडा म्हणजे पूर्वी कैद्यांचे पाय अडकवायचं लाकूड. त्यानं दोनतीनदा म्हणून बघितलं, "खोडा, खोडा," आणि त्याच्या एका पोरसवद्या सहकाऱ्याला तमिळमध्ये समजावून सांगितलं. दोघंही हसले. मंगल हसली नाही. "लाकूड त्यांचं असो नाहीतर आपलं," ती म्हणाली, "माझं काम थांबलं ना?"

दुपारी गाडीच्या सावलीत त्या लोकांनी भात शिजवला आणि रसम केलं. मंगलनं घरून बाजरीच्या भाकरी आणि ठेचा आणला. सेल्वराजनं ठेचा चाखून डोळे पुसले आणि पुन्हा घेतला. मला वाटीभर रसम दिलं. चिंच आणि मिरीचं ते पातळ पाणी मार्चच्या उन्हात इतकं बरं वाटलं की मी मागून घेतलं.

जेवता जेवता तो स्वतःहून बोलू लागला. त्याचा थोरला भाऊ गावच्या रथोत्सवात चाकाखाली ठोकळे घालणाऱ्यांपैकी एक. ते काम फार जोखमीचं. क्षणभर चुकलं तर हात चाकाखाली. "रथ निघतो तेव्हा सगळा गाव माझ्या भावाकडे बघतो," तो म्हणाला. त्यात अभिमान स्पष्ट होता. मग थोडं थांबून म्हणाला, "मला स्वतःची बोअरची गाडी घ्यायची होती. जमीन दोघांच्या नावावर. भाऊ सही करत नाय. आज करतो, उद्या करतो, असं. म्हणून मी अजून दुसऱ्याच्या गाडीवर. आता आम्ही बोलत नाय."

"का केली नसेल त्यांनी सही?"

"मी विचारला नाय. त्यानं सांगितला नाय."

मंगल भाकरी मोडता मोडता थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

सेल्वराजला दुसऱ्या दिवशी येडगावचं काम होतं. तो म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत थांबतो. रस्ता झाला तर ठीक. नाय तर पावसाच्या आधी परत यायला जमणार नाय." पावसापर्यंत हौद पुरणार नव्हता. शेवंतीच्या रोपांची मागणी तर आधीच घेऊन झाली होती.

"आक्कांकडे जाऊ," मंगल उठत म्हणाली. "अण्णा ऐकले तर फक्त त्यांचं ऐकतील."

घोडेगावच्या पुढे

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, मंगलची नणंद. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या अंगाला राहतात. जुन्नरला एसटी बदलून घोडेगावला आलो आणि तिथून जीपनं पुढे. मंगल एवढ्या तंद्रीत होती की आम्ही भलत्याच जीपमध्ये बसलो आणि मंचरच्या दिशेनं बरंच पुढे गेल्यावर एका म्हाताऱ्यानं "तुमी चाललाय कुठं, राव?" म्हणून विचारलं तेव्हा उतरलो. उन्हात परतीच्या गाडीची वाट बघत उभं राहावं लागलं. पण नंतर डोंगर जवळ यायला लागले, भातखाचरांच्या रिकाम्या पायऱ्या दिसायला लागल्या, आणि एका वळणावर धरणाचं निळं पाणी समोर आलं. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते जुनं गाव त्या पाण्याखाली आहे, हे मला मंगलनं सांगितलं तेव्हा मी खिडकीतून पुन्हा वळून पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं. उन्हात चमकणारं पाणी, बस.

आक्का ऐंशीच्या घरातल्या. गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. आम्हाला बघून त्यांनी आधी जेवणाचंच काढलं. सुनेकडून मासवडी करून घेतली. मासवडी या भागाची खासियत. बेसनाच्या शिजवलेल्या पापुद्र्यात तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण, आणि वरून काळा झणझणीत रस्सा. आमच्या विदर्भात पाटवडी रस्सा असतो, पण त्या वडीच्या पोटात काही नसतं. मी तसं म्हटल्यावर आक्का म्हणाल्या, "मंग तुमची वडी उपाशीच म्हनायची."

जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून मंगलनं सगळं सांगितलं. ट्रॉली, चाक, आळेफाटा. आक्का मान खाली घालून ऐकत होत्या.

"बोअर कुठं घेतीयास?" त्यांनी विचारलं.

"विहिरीजवळच्या लिंबाखाली. पाणाड्यानं तीच जागा काढली."

आक्कांनी मोठा श्वास सोडला. "आमचा पानमळा व्हता, तुला ठावं हाय का?"

मंगलला माहीत नव्हतं.

"नागवेलीच्या पानांचा. अण्णा तवा शाळंत जात व्हता. वरच्या अंगाला भाऊबंदानं आमच्यापेक्षा खोल हीर पाडली. त्याच उन्हाळ्यात आमच्या हिरीनं तळ दावला. वेल वाळून दोऱ्यावानी झाले. बापानं पुन्हा कधी पानमळा लावला न्हाई. अण्णा रोज सकाळी उठून हिरीत वाकून बघायचा, पाणी आलं का म्हणून. आई मागून त्याची चड्डी धरून उभी राहायची, पोरगं पडंल या भीतीनं."



"हे मला कुणी कधी सांगितलं नाही," मंगल म्हणाली.

"त्यानं मलाबी सांगितलं न्हाई. मी डोळ्यानं बघितलंय."

"पण आक्का, भीती होती तर तोंडानं सांगायचं. ट्रॉली कशाला आडवी लावायची?"

"तोंडानं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

मंगल बराच वेळ धरणाच्या बाजूला बघत राहिली. "नसतं ऐकलं," ती म्हणाली.

"मी काय येत न्हाई आता. गुडघं न्हाईत. अन् फोनबी करणार न्हाई. थोरली बहीण दटावती म्हणून तो ट्रॉली काढंल, पर मनातनं काढणार न्हाई. तू जा. त्याच्या दारात बस अन् चहा माग."

मला ही सूचना फार साधी वाटली. मंगलच्या चेहऱ्यावरून मात्र कळत होतं की यापेक्षा दहा बोअर खणणं सोपं.

पुन्हा डिंगोरे

रात्र आक्कांकडे काढून सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही परतलो. मंगल घरी न जाता सरळ अण्णांच्या अंगणात गेली. अण्णा खाटेवर बसून कांद्याच्या गोण्या शिवत होते. ती पायरीवर बसली. मी जरा मागे, तुळशीजवळ.

"अण्णा, चहा मिळंल का?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून मी गावच्या बोलीतलं 'मिळंल' ऐकलं.

अण्णांनी दाभण खाली ठेवलं. आतून चहा आला. दोघांनी तो संपवला.

"मी तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं," मंगल म्हणाली. "रान माझं आहे, ते मी सोडणार नाही. पण विहीर दोघांची आहे."

अण्णा कपाच्या तळाकडे बघत होते. "आक्काकडं गेली व्हतीस."

"हो."

"म्हातारीनं पानमळ्याचं सांगितलं आसंल."

"हो."

"तू तरी काय करणार म्हणा. पाळीत बागाईत करणं सोपं न्हाई, मला कळतं." ते उठले, टोपी सारखी केली. "लिंबाखाली नको. खालच्या बांधाला घे. तिथनं माझी हीर लांब पडती. तेवढं ऐक."

सेल्वराज तोवर अंगणाबाहेर येऊन उभा होता. त्यानं मान हलवली. "ताई, खाली पत्थर आहे. पाण्याचा भरवसा नाय."

आता सगळे मंगलकडे बघत होते. ती पदरानं कप पुसत राहिली, जसं काही ते तिच्या घरचं भांडं होतं. मग म्हणाली, "खालीच घ्या."

चाक आळेफाट्याला गेलेलं नव्हतंच. ते गोठ्यात कडब्यामागे होतं. अण्णांनी ते स्वतः घरंगळत आणलं आणि जॅक लावून बसवलं. कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

खालच्या बांधाला मशीन उभी राहिली. सेल्वराजनं कापूर लावला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ अण्णांच्या हातात दिला. "मोठा भाऊ आहे ना," तो म्हणाला. अण्णांनी नारळ फोडला. मग जो आवाज सुरू झाला त्यात बोलणं शक्यच नव्हतं. आधी मुरमाची तांबूस धूळ उडाली, मग करडी, मग पिठासारखी पांढरी. शेजारचा मका पांढरा झाला, आमच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. पाइपामागून पाइप आत जात होता आणि वर येत होती ती कोरडी धूळ.

दुपार कलली तेव्हा सेल्वराजनं मशीन थांबवली. मंगलजवळ येऊन म्हणाला, "ताई, बस करू? पाणी दिसत नाय."

मंगलनं उत्तर द्यायच्या आत अण्णा पुढे आले. "अजून घाल," ते म्हणाले. "दोन पाइप घाल. मी सांगतो, घाल."

त्यानं घातले. अण्णा भोकापाशी वाकून उभे होते, धूळ तोंडावर घेत. धूळ कोरडीच आली. सेल्वराजनं हात वर केला आणि मशीन बंद झाली. इतका वेळ कानठळ्या बसवणाऱ्या आवाजानंतरची ती शांतता सोसवेना.

मी मंगलचा हात धरला. सेल्वराजची माणसं पाइप काढायला लागली. जाताना तो माझ्याजवळ थांबला. "खाली घेतला नसता तर लागला असता," तो हळू म्हणाला.

"भावाला विचाराल का आता, सही का नाही केली?" मी विचारलं. मला विचारायचा अधिकार नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

"बघू, ताई," तो म्हणाला आणि गाडीत चढला. येडगावच्या वाटेला धूळ उडवत दोन्ही गाड्या गेल्या.

संध्याकाळी मी मंगलला विचारलं, लिंबाखालीच घे म्हणून हट्ट का धरला नाहीस? ती ट्रेमधल्या रोपांवर हौदातलं उरलेलं पाणी झारीनं घालत होती. "लिंबाखाली पाणी लागलं असतं," ती म्हणाली, "आणि त्यांची विहीर आटली असती, तर रोज सकाळी त्यांच्या दारावरून कशी गेले असते मी?" मग तिनं झारी खाली ठेवली आणि पहिल्यांदा रडली.

शेडच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. अण्णा होते. अंघोळ करून आले होते, तरी भुवयांत पांढरी धूळ राहिली होती. त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली एक किल्ली सोडवली. गाठ घट्ट होती, वेळ लागला.

"हिरीवरच्या मोटरच्या पेटीची हाय," ते म्हणाले. "पाळी-बिळी ऱ्हाऊ दे. सकाळ-संध्याकाळ रोपांना लागंल तेवढं घेत जा. इचारायची गरज न्हाई."

ही किल्ली सासऱ्यांनंतर कायम अण्णांकडेच असे. स्वतःच्या पाळीलासुद्धा मंगलला त्यांच्या घरी निरोप पाठवावा लागायचा, हे मला तिनं नंतर सांगितलं. त्या क्षणी तिनं हात पुसले, किल्ली घेतली आणि लगेच विहिरीकडे चालायला लागली. मी मागोमाग. तिनं पेटी उघडली, बटण दाबलं. मोटर घरघरली, पाइप थरथरला, आणि जरा वेळानं शेडकडच्या नळीतून पाणी पडायचा आवाज आला.

अण्णा बांधावर उभे राहून ओरडले, "बंद करायची आठवण ठिव! मागल्या वेळंला हौद भरून वाहिला व्हता!"

"ठेवते!" मंगलनं तिकडून ओरडून उत्तर दिलं. शेवटच्या ट्रेपर्यंत पाणी पोचलं तेव्हा तिनं स्वतः जाऊन मोटर बंद केली.